चिखलाची दोन मिनिटं

...नाही, दोन मिनिटं म्हणजे किती हो? तुम्हीच सांगा. मी काही फार अवघड विचारत नाहीये, पण तुम्हाला सांगते, आमच्या कॉलेजातून शिकून मोठी झालेली माणसं एका सभागृहात जमवा, प्रत्येकाला म्हणा, दोन मिनिटं बोला, आणि मग बघा, घड्याळसुद्धा मान खाली घालतं.

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, सूत्रसंचालन माझ्याकडे, कारण आमच्या विभागात वयाने सगळ्यांत लहान मी, आणि लहान माणसाच्या गळ्यात काय काय मारतात ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. विभागप्रमुख म्हणाले, "पाच वाजता सभागृह रिकामं करायचंय. दोन मिनिटं झाली की ही घंटा वाजवायची. शेवटची दोन मिनिटं तुझी, तुझा शोधनिबंध स्वीकारला गेलाय ना, तो सांग." आता त्या दोन मिनिटांसाठी मी का जीव टाकत होते? तर शेवटच्या रांगेत माझी आई बसली होती, अर्धी रजा काढून. वाळताना चिखलाला भेगा कशा पडतात ते मी तीन वर्षं बघतेय, आणि आई तीन वर्षं शेजारणीला सांगतेय, "मातीचं काहीतरी करते बाई, जेवायला वेळेवर येत नाही एवढं मला ठाऊक." म्हटलं, आज कळेल हिला.

पहिले उठले पूल बांधणारे काका. "थोडक्यात सांगतो," म्हणाले. "आमच्या वेळी त्या खिडकीला काच नव्हती." झालं! काच कुणी फोडली, का फोडली, फोडणारा आता कुठल्या देशात असतो... मी घंटा वाजवली. तर माझ्याकडे बघून गोड हसले, "अरे वा, अजून तीच घंटा?" आणि घंटेवर सुरू. मी दात-ओठ खातेय, तेवढ्यात सहज म्हणून गेले, की पुलावरून पहिला भरलेला ट्रक गेला तेव्हा ते पुलाखाली उभे होते, सहकुटुंब, कारण पूल पडला तर नंतर तोंड कुणाला दाखवायचं? श्रोत्यांतून काकू म्हणाल्या, "मला न विचारता उभं केलं होतं." सगळे हसले. मी नाही हसले. मी नुसती बघत राहिले त्या माणसाकडे.

मग हृदयाच्या डॉक्टरीणबाई. त्याही थोडक्यात. बाळाचं हृदय केवढं असतं ते त्यांनी दोन बोटांत दाखवलं, एवढंसं, लिंबाएवढंही नाही, आणि माझा घंटेचा हात वरच राहिला. मग एक बाई, अख्खा हिवाळा बर्फावर तंबू ठोकून राहिलेल्या, रात्री खालचा बर्फ कण्हतो तो ऐकत. आता सांगा, अशा माणसाला काय म्हणणार, उतरा खाली? राग त्यांचा येत होता की माझा, तेच कळेना. शेवटच्या रांगेतून आई मनगटावर बोट आपटून दाखवत होती.

मग न्यायाधीश. "थोडक्यात सांगतो." मी आता मन घट्ट केलं, वाजवली घंटा. ते म्हणाले, "हरकत नामंजूर," आणि सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला, "आण ती इकडे."

घंटाबाई. निवृत्त होऊन जमाना लोटला. ही घंटा मुळात त्यांचीच, प्रॅक्टिकलच्या परीक्षेची. त्यांचा नियम असा, की घंटा झाली की हातातलं खाली ठेवायचं, टेबलापासून एक पाऊल मागे, हात पाठीशी. त्यानंतर काही हाताळलं की पेपर बाद. हे मी नुसतं ऐकलं होतं. बाईंनी घंटा घेतली आणि एकदाच वाजवली, तीही हळू.

न्यायाधीश अर्ध्या शब्दावर थांबले. माइक ठेवला. एक पाऊल मागे. हात पाठीशी. आणि नुसते तेच नाहीत हो, पूलवाले काका खुर्चीतून उठून मागे सरकले, डॉक्टरीणबाईंनी चहाचा कप खाली ठेवला, सगळं सभागृह टेबल नसताना टेबलापासून मागे झालं. बाई म्हणाल्या, "बसा. आता ही मुलगी बोलेल."

बोलले मी. म्हटलं, भेगा मनाला येईल तशा पडत नाहीत, पहिली कुठे पडणार ते आता आधी सांगता येतं, धरणाची भिंत कुठे दगा देईल ते त्यावरून कळू शकेल. संपलं. अर्धं मिनिटसुद्धा झालं नव्हतं. तीन वर्षं, आणि अर्धं मिनिट! बाईंकडे बघितलं, घंटा मांडीवर तशीच. "वेळ आहे तुला," म्हणाल्या. आणि पूलवाल्या काकांनी चक्क हात वर केला, वर्गातल्यासारखा. "पहिली भेग सुरू कुठून होते?"

आता हे विचारल्यावर... सांगितलं मी, थोडक्यात.

घरी जाताना आई म्हणाली, "चिखलाचं कळलं हं मला. शेजारणीला नीट सांगेन आता."

माझा ऊर भरून आला.

"पण त्या बाईंनी तीनदा घंटा वाजवली," आई म्हणाली. "शेवटी सभागृहवाल्याने दिवे घालवले, तरी तू बोलतच होतीस."

तुम्हाला खरं सांगते... मला एकदाही ऐकू आली नाही.