वाढत्या अंगाचा पतंग

आमचा सलीम बाभुळगावात मोटरसायकली दुरुस्त करते, म्हणून त्याले जगातलं सगळंच समजते. त्यानं माणसाले ओढून नेणारा पतंग मागवाचं ठरवलं. दुकानवाल्यानं फोनवर वजन विचारलं. यानं पंचावन्न किलो सांगितलं. तो म्हणे, "तुम्हाले तीन मीटरवाला पुरे. वारा जास्त असला तर त्याच्याहून लहान घ्या."

सलीमनं सहा मीटरवाला मागवला.

म्या विचारलं, "काहून बे?"

"अम्मी शाळेचा ड्रेस नेहमी दोन साइज मोठाच घ्यायची. आपल्याकडं मापाची वस्तू घेते का कोणी?"

पतंग आला. माह्या वावरातलं सोयाबीन निघालं होतं, म्हणून आम्ही तिथंच गेलतो. म्या म्हटलं, "वारा पाह्य ना पहिले."

त्यानं मूठभर माती उडवून पाह्यली. "उपणायले झकास आहे."

आता धान्य उपणायचा वारा अन् माणूस उपणायचा वारा यात काही फरक असंन, हे त्या विद्वानाच्या ध्यानात आलं नाही. म्या पतंग सोडला अन् सलीम पोटावर निघाला. मी मागून वरडत पळत होतो, "हातातलं सोड."

"नवा आहे, फाटंन."

वावराचा धुरा ओलांडून तो शेजारच्या तुरीत थांबला. तोंडातली माती थुकत म्हणे, "थोडा ढिला होऊन राह्यला, नाही?"

म्या म्हटलं, "राहू दे. जेवत जा पोटभर, दोन-तीन सालात बरोबर बसंन अंगाले."