पोटनियम सात

मिस्त्री : जरा हळू बोल. तुझी काकू आत भाजी निवडतेय. डोळे गेले, पण कान शाबूत आहेत तिचे.

अधिकारी : हळूच बोलतेय, काका. पण बोलायला तर हवंच. संस्थेचं पत्र तुम्हाला दोनदा आलं.

मिस्त्री : आलं. घर संस्थेचं, दोन माणसांना तीन खोल्या जास्त होतात, महिनाअखेर रिकामं करा. खाली पोटनियम सात. आता तो मला वाचून दाखवणार तुम्ही? मी लिहिलाय तो. बाहेरच्या ओट्यावर बसून, सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर.

अधिकारी : ठाऊक आहे. ती पिशवी मुख्य कार्यालयात काचेत लावलीय.

मिस्त्री : पिशवी काचेत आणि लिहिणारा रस्त्यावर. छान.

अधिकारी : रस्त्यावर कशाला? नव्या वसाहतीत दोन खोल्या ठेवल्यात तुमच्यासाठी. सहावा मजला, पण लिफ्ट आहे.

मिस्त्री : अगं पोरी, तिला दिसत नाही. नऊ वर्षं झाली. पण या घरात तिला आंधळी म्हणायची कुणाची टाप नाही. दारापासून मोरी सहा पावलं. शेगडीपाशी उभं राहून हात लांबवला की माठ. भिंतीला पोपडा आला तर तीच मला सांगते, आणि मिस्त्री कोण, तर मी. इथून उचललीस तर ती खुर्चीत बसून राहील. मरेपर्यंत.

अधिकारी : हेच सगळं लिहून पाठवलं मी. तीनदा.

मिस्त्री : मग?

अधिकारी : अपवाद नाही, म्हणाले. अपवाद करायचा तर नियम बदलायला हवा. आणि नियम बदलायचा तर सगळ्या सभासदांनी एका जागी जमून हात वर करायचा. एकही हात खाली राहता कामा नये. पिशवीवरची शेवटची ओळ आहे ती.

मिस्त्री : अकरा घरं होती गं तेव्हा. अकराजण ओट्यावर मावायचे.

अधिकारी : आता एकवीस हजार आहेत.

मिस्त्री : आम्ही एकमेकांची घरं बांधायचो. आपलं कुठलं ते कुणालाच ठाऊक नसायचं. छपरं चढली की मग चिठ्ठ्या. म्हणून एकाही भिंतीत कुणी हातचं राखलं नाही. मला वाटलं, नियमही तसाच हवा, सगळ्यांचा हात लागलेला. नाहीतर उद्या चार टगे एकत्र यायचे आणि बदलून मोकळे व्हायचे.

अधिकारी : एवढी माणसं मावतील असं मैदान कुठे आहे, काका? निम्म्यांना तर संस्था म्हणजे नळ गळला की फिरवायचा नंबर.

मिस्त्री : आणि वाढवली कुणी? मीच. अकराची साठ झाली, मग शेजारच्या गावाची संस्था आपल्यात घेतली, मग आणखी चार. नको म्हणणाऱ्यांना मी विहिरीतले बेडूक म्हणायचो. बरं, तुमच्या मोठ्या साहेबांना सांगितलंस का, मी कोण ते?

अधिकारी : सांगितलं. ते म्हणाले, त्यांच्यासाठीच नियम मोडला तर बाकीच्यांना काय तोंड दाखवायचं?

मिस्त्री : हे तर माझं वाक्य आहे.

अधिकारी : हो. कुणाला म्हणाला होतात?

मिस्त्री : कोपऱ्यातल्या घरात शिवणकाम करायच्या, त्या मावशींना. नवरा वारला होता. एकट्याच उरल्या होत्या.

अधिकारी : मी त्यांची नात.

मिस्त्री : असं होय. म्हणजे उट्टं काढायला आलीस.

अधिकारी : नाही. दुसऱ्या कुणाला पाठवा, असंच सांगणार होते. मग वाटलं, हे तुम्हाला परक्या माणसाकडून कळायला नको. आजीचं मशीन तुम्ही स्वतः पाठीवर वाहून नेलंत. मिस्त्री देवमाणूस, असं ती शेवटपर्यंत म्हणायची.

मिस्त्री : शेवटपर्यंत म्हणजे?

अधिकारी : आठ महिने. नव्या खोलीत उजेड नव्हता. दोरा ओवता येईना, शिवण सुटलं. मग नुसती बसून असायची.

मिस्त्री : मला कुणी सांगितलं नाही.

अधिकारी : तुम्ही विचारायला आला नाहीत. पुढच्या वसाहतीचं काम चाललं होतं.

मिस्त्री : इथं कोण येणार राहायला?

अधिकारी : पाच माणसं. सध्या एका खोलीत राहतात. धाकटीला दमा आहे.

मिस्त्री : खोटं तर सांगत नाहीस ना?

अधिकारी : नाही, काका.

मिस्त्री : खोटं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. आणि सही केलीच नाही तर?

अधिकारी : तर कुलूप तोडणारी माणसं येतील. काकूंना नुसते आवाज ऐकू येतील. कोण काय उचलतंय ते कळायचं नाही.

मिस्त्री : आण इकडे. कुठे करायची?

अधिकारी : इथं. आणि मागच्या पानावर.

(काकू भिंतीला हात लावत, कुठेही न अडखळता बाहेर येतात.)

काकू : कितवा मजला म्हणालीस, मुली?

मिस्त्री : तू कशाला उठलीस?

काकू : तुम्ही थांबा हो. तिला बोलू द्या.

अधिकारी : सहावा, काकू.

काकू : यांनी सही केली?

अधिकारी : केली.

काकू : मला विचारलं असतं तरी केलीच असती म्हणा. जायला किती दिवस आहेत?

अधिकारी : वीस.

मिस्त्री : ऐक, मी तिथंही सगळं असंच मांडून देईन. शेगडी, माठ, सगळं.

काकू : द्याल हो. पण मी आता पासष्टीची, नव्यानं पावलं मोजायची कधी आणि लक्षात ठेवायची कधी? त्यापेक्षा तुमचा हात द्या. मला आत नेऊन सोडा.

मिस्त्री : अगं, आताच तर एकटी चालत आलीस.

काकू : आले. पण आजपासून सवय केलेली बरी.