पटावर नसलेला धाकू

आजच्या सभेचे अध्यक्ष, गावचे सरपंच माननीय सहदेवशेठ म्हात्रे. शाळेचे मुख्याध्यापक आदरणीय हरिहर गुरुजी. ठाण्याहून मुद्दाम आलेल्या आमच्या ट्रेनिंग कॉलेजच्या उत्तराबाई. जमलेले ग्रामस्थ, मायबहिणी आणि सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

मी प्रमोदिनी. आम्हा शिकाऊ शिक्षिकांच्या वतीने चार शब्द बोलायचं काम माझ्यावर आलं, कारण मी फार बोलते, असं मैत्रिणींचं मत आहे. मतच आहे ते, अनुभव नव्हे, असं समजून ऐकून घ्यावं.

महिन्यापूर्वी कल्याणला उतरून आम्ही बैलगाडीने इथे आलो. मी डोंबिवलीची. पहिल्या दिवशी चौथीच्या वर्गात पाहते तो सगळे मुलगेच. मुली कुठे आहेत म्हणून विचारलं, तर एकाने खिडकीकडे बोट केलं. बाहेर शेवंती उभी होती, कडेवर तिचा तान्हा भाऊ धाकू. आई भाजीची पाटी घेऊन कल्याणच्या बाजाराला जाणार, मग पोर सांभाळायचं कोणी? आणि तान्ही मुलं वर्गात आणायची नाहीत, हा गुरुजींचा नियम. गुरुजींचंही काही चुकत नव्हतं हो. तपासणीला साहेब आले म्हणजे बोलणी त्यांनाच खावी लागतात.

मी तिला आत बोलावलं, तर ती दारातच अडली. म्हणाली, "बाय, मना बसू दे. यो रडला तं मी भायेर जाईन."

आता मला सांगा, शाळेत बसायला मिळावं म्हणून एवढी आर्जवं आपल्यापैकी कोणी केली होती? मला तर वडिलांनी कान धरून शाळेत नेलं होतं!

गुरुजींनी मोठ्या मनाने परवानगी दिली, पण आम्ही इथे आहोत तोवरच. शेवंती बसली म्हणताच आणखी चार-पाच मुली आल्या, आपापली भावंडं घेऊन. हा वर्ग आहे की बाळंतिणीची खोली, असं माझी मैत्रीण चित्रा विचारायची.

मग आला परीक्षेचा पाठ. तो उत्तराबाई तपासणार, त्यावर आमचं पास-नापास. नापास झाले असते तर वडिलांनी आणखी एक वर्ष शिकवलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवसापुरती मुलींना सुट्टी दे, असं चित्राने बजावलं. सल्ला शहाणपणाचा होता, पण तो शेवंतीला कोणत्या तोंडाने सांगायचा?

विषय होता आपल्या भागातल्या नद्या. शेवंतीला मी नकाशापाशी बोलावलं आणि नेमका धाकूने सूर लावला. ती दाराकडे वळली. मी धाकूला तिच्याकडून घेतलं, कडेवर बसवलं आणि पाठ पुढे चालू ठेवला. त्याने माझा अंबाडा सोडला, खडू चाखून पाहिला. शेवंतीने मात्र उल्हास नदी उगमापासून वसईच्या खाडीपर्यंत बोटाने न चुकता दाखवली. मला रडू आलं, सांगायला लाज कसली?

पाठ संपल्यावर उत्तराबाई एवढंच म्हणाल्या, "तुमच्या पाठाच्या टाचणात मूल नव्हतं." गुण किती दिले, ते त्यांनाच माहीत. आत्ता त्या हसताहेत, पण त्याचा अर्थ लावायला मी धजत नाही.

माझी काळजी मात्र वेगळी आहे. आमचा महिना आज संपला. सोमवारपासून जुना नियम, आणि शेवंती पुन्हा खिडकीबाहेर. सरकारने शिक्षण सक्तीचं केलं खरं, पण धाकूला सांभाळायची सक्ती त्याच्या आधीपासूनची आहे.

अध्यक्षमहाराज, आत्ताच आपण गावातर्फे मला हे हिरवं लुगडं दिलंत. मी ते डोळ्यांना लावलं. आता ते माझं झालं ना? मग त्याचं काय करायचं, तेही मीच ठरवणार. सभा संपली की शाळेच्या पडवीत, तुळईला, मी त्याची झोळी बांधणार आहे. पोरं झोळीत, मुली वर्गात. झोका द्यायला म्हाताऱ्या गंगुबाई कबूल झाल्या आहेत. गुरुजी, आपण वडीलधारे. झोळी नको वाटली तर जरूर सोडा. फक्त गावाने दिलेल्या लुगड्याची गाठ आपण स्वतःच्या हाताने सोडावी, एवढीच विनंती.

महिनाभर आपण आम्हाला तांदळाची भाकरी आणि पोटभर माया दिलीत. सगळ्यांची मी मनापासून आभारी आहे. लेकीच्या हक्काने काही अधिकउणं बोलले असेन, तर पोटात घाला.

शेवंती, ये पुढे. धाकूला दे माझ्याकडे. गाठ तू बांध.