डोनट करायचे, त्यात काय एवढं!

...आणि वर मलाच विचारतात, "काय एल्विन, झोप झाली का?" मला! ज्या माणसानं त्या मंगळवारी कोंबडा अजून आळस देत होता तेव्हा अंथरूण सोडलं, त्या माणसाला! चर्चच्या पायरीवर विचारतात, पेट्रोल पंपावर विचारतात, काल तर न्हाव्यानं मानेवर वस्तरा ठेवून विचारलं... आता वस्तऱ्याखाली माणूस काय बोलणार? पण तुम्हाला सांगतो, अगदी पहिल्यापासून सांगतो, मग तुम्हीच ठरवा माझं काय चुकलं ते. चूक एवढीच, की मी एक वाक्य बोललो. "डोनट करायचे, त्यात काय एवढं!"

आता फॉसनॉटचा मंगळवार तुम्हाला ठाऊक आहेच. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार, चर्चचा चाळीस दिवसांचा उपास सुरू, म्हणून घरातली चरबी, साखर, लोणी सगळं आदल्या दिवशी संपवायचं. आणि ते संपवायचं कसं? तर उकडलेला बटाटा घालून, यीस्टनं फुगवून, डुकराच्या चरबीत तळून, डोनट करून... म्हणजे पोटात साठवून! त्या डोनटला म्हणायचं फॉसनॉट. इथवर माझी काही तक्रार नाही. पण त्या दिवशी घरात जो सगळ्यांत शेवटी उठेल, त्यालाही म्हणायचं फॉसनॉट! दिवसभर म्हणायचं. त्यानं तेलकट भांडी घासायची आणि खायला त्याला उरल्यासुरल्या पिठाच्या कातरणांचा शेवटचा वेडावाकडा डोनट. लग्न झाल्यापासून तो वेडावाकडा डोनट कोणी खाल्ला असेल? सांगा ना... बरोबर. आमच्या घरी त्याला आता मुळी 'एल्विनचा डोनट'च म्हणतात.

असो. तर ह्या हिवाळ्यात आमच्या सासूबाई, अर्मा, आमच्याकडे राहायला आल्या. नव्वदीला टेकलेल्या. शेत विकलं, गुरं विकली, एक बॅग घेऊन आल्या. आणि तुम्हाला सांगतो, त्या बाईनं बॅग उघडली नाही! पलंगाच्या पायाशी ठेवली ती तशीच. वरचे दोन कपडे काढायचे, धुवायचे, घडी करून परत आत. पाहुणी उद्या निघणार असावी तशी. जेवायला बसल्या की दोन घास, चमचा खाली. स्वयंपाकघरात तर पाऊल नाही. ज्या बाईनं जन्मभर पंगती वाढल्या, ती खिडकीशी बसून समोरच्या दुसऱ्यांच्या गायी बघायची. माझी बायको आर्लीन विचारायची, "आई, काय करू तुला खायला?" तर म्हणायच्या, "काही नको. मला त्या चर्चच्या वृद्धाश्रमात सोडा. तिथं निदान फॉसनॉट तरी करतात."

झालं! आर्लीननं हाय खाल्ली. म्हणाली, आई, मी करते ना, घरचे करते, तुझ्या पद्धतीनं. सासूबाई म्हणाल्या, "बरं. मंगळवार इथं काढते. बुधवारी ठरवते." म्हणजे बघा, एका डोनटवर आमचं घर टांगलेलं! आणि नेमकी त्याच आठवड्यात आर्लीन कोंबड्यांना दाणे घालायला गेली, बर्फावरून घसरली, मनगट मोडलं. प्लास्टर! दवाखान्यातून येताना गाडीत रडत होती. मी म्हटलं दुखतंय का, तर म्हणे, "दुखू दे रे. पण आईला आता फॉसनॉट कोण करून घालणार? ती जाईल, एल्विन. बॅग तर भरलेलीच आहे."

आता बायको रडताना माणूस काय बोलतो ह्याच्यावर त्याचा ताबा असतो का? निघून गेलं तोंडातून. "मी करतो की! डोनट करायचे, त्यात काय एवढं!"

संध्याकाळी मेव्हणा आला, लामार. आर्लीनचा भाऊ. आमच्या गावच्या अग्निशमन दलात आहे, नाकात बोलतो, आणि प्रत्येक वाक्याआधी थांबतो, जणू बंबाला पाणी यायचं आहे. "दाजी... ऐकलं ते खरं का... तुम्ही तळणार?" म्हटलं हो. "मग दाजी... मंगळवारी मी बंब तुमच्या दारातच लावतो." हसून हसून खोकला लागला त्याला. म्हणाला, आमचं दल दरवर्षी विकायला करतंच, चांगले पाकात बुडवलेले, डबाभर आणून देतो, आईला सांगू दाजींनी केले. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "विकतचं मी खात नाही." नव्वदीला टेकल्या पण कान बघा! आणि पाठोपाठ, "आणि पाकात बुडवलेलं तर मुळीच नाही. ज्याला तळता येत नाही तो पाकात बुडवतो."

हा आणखी एक जुना तंटा. सासूबाईंचं म्हणणं, फॉसनॉट कोरा हवा, चिरून आत काकवी. आर्लीनला लहानपणापासून हवा पिठीसाखर नि दुधाच्या पाकात बुडवलेला, चकचकीत, बोटं चिकटणारा. माय-लेकींचा हा वाद माझ्या लग्नाआधीपासून चालू आहे. मी कोणाची बाजू घेतलेली नाही. मी दोन्ही खातो.

सोमवारी दुपारी लागलो कामाला. पहिल्यांदा केला पाक. म्हटलं, यश आधी पदरात पाडून घ्यावं! पिठीसाखर, दूध, ढवळलं, झाला, फडक्याखाली झाकून ठेवला. मग आर्लीन खुर्चीत, हात उशीवर, आणि मी हुकमाचा ताबेदार. विचारलं, मैदा किती? म्हणे, लागेल तेवढा. लागेल तेवढा म्हणजे किती? "हाताला कळतं." कोणाच्या हाताला? "आईच्या." वा! दूध कसं हवं? कोमट. कोमट म्हणजे? "बाळाला अंघोळ घालतो तेवढं." अगं, कुठलं बाळ? आपला धाकटा ट्रक चालवतो आता!

तरी जमत आलं होतं हो. बटाटे उकडले, कुस्करले, गाठी राहिल्या पण त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. आणि मग केला घोटाळा... बटाट्याचं पाणी! आता आपल्याकडे बटाट्याचं पाणी कोण ओतून देतं? माझ्या आजीनं ओतलं नाही, आईनं ओतलं नाही. त्यात पाव मळतात, त्याचं सूप होतं. मग मी का ओतू? मी ते, चुलीवरून उतरवलेलं, वाफाळतं, तस्सं यीस्टवर घातलं! आर्लीन ओरडेपर्यंत सगळं संपलं होतं. बाळाच्या अंघोळीचं पाणी हवं होतं, मी कोंबडी सोलायचं घातलं.

तरी मळलं, झाकलं, वाट पाहिली. गोळा बसला तो बसलाच. सासूबाई काठी टेकत न्हाणीघराकडे चालल्या होत्या, जाता जाता दारात थांबल्या. आत आल्या नाहीत, नुसतं टेबल दारालगत आहे म्हणून हात लांबवला, गोळ्यात बोट खुपसलं. खड्डा पडला, तो भरून येईना. खड्ड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "मेलं." आणि गेल्या पुढं. एक शब्द! मी तो गोळा कोंबड्यांना घातला, तर त्यांनीही एकदा चोच मारून मान फिरवली.

रात्री जेवताना सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "बुधवारी सकाळी लामारला गाडी घेऊन येऊ दे." आर्लीननं काटा खाली ठेवला. मला सांगा, अशा वेळी घास उतरतो का? मला सासूबाई आवडतात हो! खवचट आहेत, मला फॉसनॉट म्हणतात, पण माझी आई गेली तेव्हा महिनाभर रोज ह्याच बाईनं माझ्याकरता पाव पाठवला होता. मी मनाशी म्हटलं, एल्विन, उद्या पहाटे उठायचं. डोनटही होतील, आणि ह्या वर्षी तो वेडावाकडा डोनट लामार खाईल. रात्री मुक्कामाला होता ना तो, माझी फजिती चुकू नये म्हणून!

घड्याळ उशीखाली घेऊन झोपलो. वाजल्याबरोबर दाबलं. उठलो. घर कसं... चिडीचूप! आर्लीन झोपलेली, लामार नाकात घोरतोय, सासूबाईंचं दार बंद. मी पहिला! आयुष्यात पहिल्यांदा मी पहिला! मोजे घालून चोरासारखा खाली गेलो. बाहेरच्या खोलीतल्या शेगडीवर पाणी कोमट केलं, कोपर बुडवून बघितलं. यीस्ट घातलं, आणि काय सांगू तुम्हाला, फेस आला! असा भरभरून फेस! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता हसू नका, तुम्ही रात्रभर मेलेला गोळा स्वप्नात बघितला असता तर तुम्हालाही आलं असतं. कालचा उरलेला बटाटा, अंडी, साखर, लोणी, लागेल तेवढा मैदा... आणि तो लागतच गेला! बोटांना चिकटतंय, कोपराला चिकटतंय, एक वेळ अशी आली की मी पीठ मळतोय की पीठ मला मळतंय, कळेना. पण शेवटी सुटलं हाताला. गुळगुळीत, मऊ. पोरीच्या गालासारखं.

आता ते फुगायला ऊब हवी. आणि आमचं स्वयंपाकघर म्हणजे बर्फाचं कोठार, कारण आर्लीन उजाडल्याशिवाय तिथं शेगडी पेटवू देत नाही, लाकडं काय झाडाला लागतात का म्हणते. मग मी ते भांडं घेतलं, सासूबाईंनीच कधीकाळी शिवून दिलेल्या गोधडीत गुंडाळलं, बाहेरच्या खोलीतल्या लाकडाच्या शेगडीजवळ आरामखुर्ची ओढली आणि भांडं मांडीवर घेऊन बसलो. वरून शेगडीची ऊब, खालून माझी. पोराला जपावं तसं जपत होतो. बाहेर अंधार, शेगडीत निखारे, गोधडी ऊबदार... म्हटलं डोळे मिटतो. नुसते मिटतो हं, झोपत नाही...

जाग आली ती वासानं. चरबीत तळणीचा वास! डोळे उघडले तर लख्ख ऊन, आणि समोर ओळीनं आर्लीन, लामार. लामारच्या हातात अर्धा खाल्लेला डोनट. थांबला. गिळला. आणि म्हणाला, "शुभ सकाळ... फॉसनॉट."

मी दचकून मांडी चाचपली. गोधडी आहे, आत गोल गोल आहे... उघडून बघतो तर सोफ्याची उशी! मी तासन् तास उशी कवटाळून बसलो होतो! ओरडलो, "पीठ कुठाय? मी सगळ्यांत आधी उठलो होतो!" लामार म्हणतो, "साक्षीदार आहे का, दाजी?" तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात कोण? सासूबाई! आत पाय न टाकणाऱ्या सासूबाई, आतून बाहेर येतायत! बाह्या वर, कपाळाला मैदा, गाल लालबुंद. मी हात जोडले. म्हटलं, तुम्ही सांगा, तुम्हीच तर भांडं उचललंत, पीठ आपोआप मळलं गेलं का? कोण आधी उठलं?

त्यांनी विचार केला. देवाशपथ, केला. आणि म्हणाल्या, "मी उठले तेव्हा हा घोरत होता."

संपला खटला! आत गेलो. टेबलावर बघतो तर डोनटच डोनट, फुगलेले, सोनेरी, आणि सगळे... पाकात बुडवलेले! चकचकीत! मी सासूबाईंकडे बघायला लागलो. तर म्हणाल्या, "बघतोस काय? जावयानं पाक करून ठेवलाय, तो काय टाकून द्यायचा?" टाकणं त्यांना जमत नाही हो, जन्मात जमलेलं नाही. आणि एक उचलून त्यांनी स्वतः खाल्ला. अख्खा. मग आणखी एक. पाक हनुवटीवर ओघळला तो पुसलासुद्धा नाही. म्हणाल्या, "मीठ कमी आहे." बोटं चाटली. "पीठ बरं फुगलंय." तुम्हाला सांगतो, एवढं मोठं बक्षीस मला उभ्या आयुष्यात मिळालेलं नाही.

मग माझं लक्ष गेलं. त्यांच्या हातातलं लाटणं आमचं नव्हतं. जुनं, मधे झिजलेलं. बाजूला पत्र्याचा डोनट कापायचा साचा, तोही आमचा नव्हता. आर्लीननं हळूच विचारलं, "आई, हे कुठून काढलंस?"

"बॅगेतून. तळाशी होतं, सगळं उपसावं लागलं. तुझ्या लाटण्यानं काय लाटायचं, ते तर खुंटा आहे." मग हात झाडत म्हणाल्या, "आता उपसलंच आहे सगळं, तर परत कोण भरत बसणार? ठेवलं कपाटात."

आर्लीननं तोंड फिरवलं. लामार चक्क मध्ये न थांबता बोलला, म्हणाला, "बुधवारी मला येता येणार नाही, बंब धुवायचा आहे." मी काय करणार? भांडी घासायला घेतली. नियम म्हणजे नियम. मागून सासूबाईंनी बशी सरकवली, त्यात कातरणांचा वेडावाकडा डोनट, पण पाकात दोनदा बुडवलेला. मी म्हटलं, सासूबाई, पहाटे एकटीनं एवढं लाटलंत, तळलंत, दमला असाल. तर म्हणतात कशा... "डोनट करायचे, त्यात काय एवढं!"

बॅग मी स्वतः माळ्यावर टाकली, पार मागे, कोणाचा हात पोहोचणार नाही अशी. सासूबाई आता खातात, वाद घालतात, आणि रोज पहाटे, रोज, अंधार असताना उठून भांडी आपटतात. त्या उठल्या की आर्लीन उठते, आर्लीन उठली की कुत्रं उठतं, कोंबड्या उठतात... आणि मग शेवटी कोण उठतं? पूर्वी मी वर्षातून एकदा फॉसनॉट व्हायचो. आता रोज सकाळी होतो.

होतो तर होतो. त्यात काय एवढं!