लोखंडी पाय

भविष्यकाळ किती भयंकर असणार आहे, याचा इशारा थोर सिनेमे माणसाला फार आधी देतात. हाडांच्या दवाखान्यात मात्र तो एक्स-रे काढल्यावरच मिळतो. हात प्लास्टरात असलेल्या शिक्षिकेला शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं बोलणं ऐकण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता.

"डॉक्टर गुडघा बदलायचा म्हणाले, तर मी सरळ 'नाही' म्हणणार," म्हातारा म्हणाला. "त्या जुन्या 'लोखंडी पाय' सिनेमात सरकार माणसांना लोखंडी पाय बसवायला आलं, तेव्हा हिरोने काय केलं?"

"लंगडत लंगडत फौजेवर चालून गेला आणि मेला."

"माणूस म्हणून मेला."

"आता तोच सिनेमा नव्याने काढलाय, त्यात हिरो लोखंडी पाय बसवून घेतो आणि बायकोला कडेवर घेऊन सात मजले उडी मारतो."

"उडी कॉम्प्युटर मारतो. त्यात भावना कुठे आहेत?"

"तुमच्या भावना रोज जिन्यात ऐकते मी. दर पायरीला एक 'आई गं'."

"अगं, तो गुलामगिरीविरुद्धचा सिनेमा होता."

"असेल. त्याला तिसऱ्या मजल्यावर दळण चढवायचं नव्हतं."

"तुला नाही कळायचं."

"अहो, खरं सांगा. भीती वाटतेय ना?"

शिक्षिकेने उगाच मासिकाचं पान उलटलं.

"भूल दिल्यावर माणूस उठलाच नाही तर?"

"मी बसलेय ना इथे."

तेवढ्यात नाव पुकारलं. ते एकटेच आत गेले आणि पाच मिनिटांत बाहेर आले.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"गुडघा ठीक आहे. चपला बदला म्हणाले."