राहेलबाईंची राखीव जागा

अहो, साठच्या दशकात महाडचं आमचं चर्च फुटायचंच बाकी होतं! मिशनचे गोरे साहेब मायदेशी गेले, तरी हुकूम तिकडूनच यायचे. म्हणून मिशन सोडायचं की नाही, यावर मंडळी हमरीतुमरीवर आलेली. पाळकसाहेबांना सोडायचं नव्हतं. त्यांनी हुकमी एक्का काढला.

"मिशन सोडलंत तर त्यांचं कबरस्थानही सुटेल. राहेलबाई, तुमच्या मालकांच्या शेजारची तुमची राखीव जागा जाईल, बघा हं!"

राहेलबाई ताडकन उठल्या. "जाईल? नक्की ना? मग हाय काय नि नाय काय, सोडा की! जन्मभर म्हाताऱ्याचं घोरणं ऐकलं, मेल्यावर तरी निजू द्या रे!"

बायकांच्या बाजूनं भराभर हात वर झाले. पहिला हात आमच्या आईचा. आणि बाबा समोरच्या बाकावर चांगले जिवंत बसलेले!