सहा पॉइंट आठ

सून : फ्रिजमागं काय शोधतोयस?

मुलगा : काही नाही.

सून : काही नाही, ते टॉर्च घेऊन?

मुलगा : एक कागद होता. मागच्या आठवड्यात इथं मॅग्नेटखाली लावलेला. निळ्या चौकटीचा.

सून : माझ्या ऑफिसचा?

मुलगा : तुझ्या ऑफिसचा, असं मी कुठं म्हटलं?

सून : तुझी चिपची कंपनी आणि माझी चिपची कंपनी, हा विषय जेवणाच्या टेबलावर काढायचा नाही. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तूच ठरवलं होतंस.

मुलगा : टेबलावर नाहीच काढला. फ्रिजवर वाचला.

सून : काय वाचलंस?

मुलगा : तुमच्या नव्या चिपच्या जाहिरातीचा कच्चा कागद. ‘वेग’ अशी चौकट, आणि तिच्यात सहा पॉइंट आठ. हे गिगाहर्ट्झच असणार, आंब्याचं वजन नव्हे.

सून : आणि तू लगेच साहेबांच्या कानाला लागलास.

मुलगा : जाहिरात विभागात बसतो मी, देवळात नाही.

सून : मग साहेब काय म्हणाले?

मुलगा : ते सहा पॉइंट आठ, तर आपण सात. इंजिनिअर म्हणाले, पाच पॉइंट सहाच्या वर गेली तर आपल्या चिपवर ऑम्लेट होईल. साहेब म्हणाले, फलकावर ऑम्लेट दिसत नाही. फलक कालच लागले, आज अकराला सात रीतसर जाहीर करतायत.

सून : तरीच. काल चौकातला तुमचा तो फलक आमच्या मॅडमनी गाडीतून पाहिला. ऑफिसात पाऊल टाकायच्या आत आमचा आकडा सात पॉइंट दोन झाला. आम्हीही अकरालाच जाहीर करतोय.

मुलगा : तुमचं काय जातंय? मुळात सहा पॉइंट आठ आहे. जरा ताणायची.

सून : आमची पाच पॉइंट चार आहे. तीही पंखा लावून.

मुलगा : मग चौकटीत काय लिहिलं होतं?

सून : काहीच नाही. कोरी सोडली होती मी.

मुलगा : या डोळ्यांनी वाचलंय मी. आणि आता मला तो कागद हवाच. वरचे लोक पुरावा मागतायत आणि साहेबांनी माझं नाव पुढं केलंय. अकराच्या आत कागद दिला नाही, तर उद्यापासून मी घरी.

(आई हातात फाइल घेऊन आतून येतात.)

आई : निळ्या चौकटीचा ना? हा घे. पण चुरगाळू नकोस, दहाला डॉक्टरांना दाखवायचाय.

मुलगा : डॉक्टरांना कशाला?

आई : माझी तीन महिन्यांची सरासरी साखर आहे त्यावर. लॅबवाल्यानं फोनवर आकडा सांगितला, हाताशी हाच कागद. चौकट छान रिकामी होती, त्यात लिहिला.

सून : सहा पॉइंट आठ.

आई : हो. तुम्ही का चेहरे पाडलेत? एवढी काही वाईट नाही. डॉक्टर म्हणतील, थोडी खाली आणा.

मुलगा : आई, गेला आठवडाभर दोन कंपन्या ती वर नेतायत.

सून : साहेबांना फोन कर. सांग, आकडा चुकला.

मुलगा : म्हणजे आम्ही पाच पॉइंट सहावर आणि तुम्ही ऐटीत सात पॉइंट दोनवर. तू कर.

सून : आणि तुमचा सातचा फलक चौकात तसाच? वा रे वा.

आई : कुणीच नाही केला तर?

सून : चिप दुकानात आली की कुणीतरी मोजणारच, आई. मग आकडा आला कुठून याची चौकशी, आणि ती थेट या फ्रिजपर्यंत. दोघांच्याही नोकऱ्या जातील.

मुलगा : मग दोघांनी एकदम करायचा. तीन म्हटलं की बटण दाबायचं.

सून : लबाडी नाही.

मुलगा : तुझ्याशी?

सून : एक.

मुलगा : दोन.

सून : तीन.

आई : कुणीच दाबलं नाही.

मुलगा : मी हिची वाट बघत होतो.

सून : मी याची.

आई : वाजले किती?

सून : सव्वानऊ.

आई : दोन्ही फोन आणा इकडं. आकडा माझा आहे, मीच सांगते.